गळतीचा डाग रंगाखालून पुन्हा वर का येतो?

गळती थांबली, छत वाळलं, पांढऱ्या इमल्शनचे दोन हात मारून झाले. रंग ओला असेपर्यंत सगळं स्वच्छ दिसतं. रंग वाळत जातो तशी त्याच जागी, त्याच आकाराची पिवळट तपकिरी कड पुन्हा उमटते. मग तिसरा हात, चौथा हात. डाग दरवेळी जरा फिका होऊन परत हजर. रंग हलका निघाला असं समजून महागडा डबा आणला तरी फरक पडत नाही, कारण दोष रंगाच्या प्रतीचा नसतोच. तो रंगातल्या पाण्याचा असतो.

पाणी स्लॅबमधून, विटांमधून, गिलाव्यातून किंवा लाकडी फळ्यांमधून झिरपतं तेव्हा ते एकटं येत नाही. गंज, क्षार, धूळ, काजळी, लाकडातलं टॅनिन, जुन्या रंगांतले सुटे अंश, वाटेत जे सापडेल ते घेऊन ते पृष्ठभागावर पोचतं. तिथे पाणी उडून जातं आणि बाकीचं मागे राहतं. ओल्या जागेची कड सगळ्यात लवकर वाळते, म्हणून आतलं पाणी सतत कडेकडे ओढलं जातं आणि सोबतचा मळ तिथे नेऊन टाकतं. सांडलेल्या चहाचा थेंब वाळल्यावर मधे फिका आणि कडेला गडद दिसतो, तो याच कारणाने. ही ओढ नेमकी कशी चालते, हे शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये मांडलं. छतावरच्या डागात एकात एक अशा तीन-चार कडा दिसत असतील, तर ती जागा अनेकदा भिजून वाळली आहे असं समजायचं.

आता इमल्शन लावल्यावर काय होतं ते पाहू. इमल्शन, डिस्टेंपर, साधा वॉल प्रायमर हे सगळे पाण्यावर चालणारे रंग आहेत. डागावर त्यांचा हात फिरला की त्यातलं पाणी डागात शिरतं आणि वाळलेला मळ पुन्हा विरघळवतं. मग रंग वाळताना ते पाणी वरच्या बाजूने उडतं आणि जाताना विरघळलेला तपकिरी अंश ताज्या रंगाच्या पृष्ठभागावर आणून सोडतं. म्हणजे प्रत्येक नवा हात डाग झाकत नाही, त्याला एक मजला वर चढवतो.

यातून एकच नियम निघतो आणि बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे: डाग ज्या द्रवात विरघळतो, त्या द्रवाचा थर त्याच्यावर थेट द्यायचा नाही. गळतीचा डाग पाण्यात विरघळतो, म्हणून त्याच्यावरचा पहिला थर स्पिरिटवर किंवा टर्पेंटाइनवर चालणारा हवा. हाच नियम उलटाही लागू होतो. मार्कर पेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे स्पिरिटवर चालणाऱ्या प्रायमरने ती झाकायला गेलं तर ती पसरते.

डाग या जातीचा आहे का, हे एका मिनिटात कळतं. पांढरं सुती फडकं ओलं करून पिळा आणि डागाच्या गडद कडेवर दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. फडक्यावर चहासारखा पिवळा ठसा उतरला, तर साधा रंग इथे चालणार नाही.

आधी ओल मेली आहे का ते पाहा

डाग अडवणारा प्रायमर, म्हणजे वर सांगितलेला तो पहिला थर, पाणी अडवण्यासाठी नसतो. मागे पाणी असताना आतून कितीही चिवट थर दिला तरी पाणी त्याला मागून ढकलतं. आधी फुगे येतात, मग पोपडे सुटतात. नाहीतर पाणी हातभर पलीकडे दुसरी वाट काढतं. आतल्या बाजूने वॉटरप्रूफ रंग मारून छताची गळती बंद करण्याचा उद्योग म्हणूनच फुकट जातो. पाणी जिथून शिरतं तिथेच अडवावं लागतं.

आणि ते डागाच्या बरोबर वरूनच शिरत असेल असंही नाही. स्लॅबमधल्या विजेच्या पाइपातून किंवा छताच्या उतारावरून पाणी बरंच लांब जातं आणि पंख्याच्या हुकाशी किंवा दिव्याच्या छिद्राशी टपकतं. तिथे ओल असेल तर त्या सर्किटचा एमसीबी पाडूनच शिडीवर चढा. उगम शोधायला वेळापत्रक उपयोगी पडतं. डाग बारा महिने सारखाच ओला असेल तर संशय दाबाखालच्या पाण्याच्या पाइपावर. वरचं न्हाणीघर वापरल्यावरच ओला होत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीचे सांधे. फक्त पावसातच ओला होत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत.

दुरुस्ती झाल्यावर डागाच्या बाहेरच्या कडेने फिकट पेन्सिलीने रेघ ओढा आणि तारीख लिहा. बॉलपेन किंवा मार्कर नको, त्याची शाईही पुढे रंगातून वर येते. जी परिस्थिती गळतीला कारणीभूत होती ती एकदा तरी पुन्हा येऊ द्या: जोरदार पाऊस, किंवा वरच्या न्हाणीघरात भरपूर पाणी. डागाने रेघ ओलांडली तर रंगाचा विचार सोडा आणि पुन्हा गळतीकडे वळा.

गळती थांबणं आणि भिंत वाळणं यांत बरंच अंतर असतं. जाड भिंतीसाठी जुना ठोकताळा असा आहे की २५ मिमी जाडी वाळायला साधारण महिना लागतो. हवा कोंदट असेल तर त्याहूनही जास्त. हॅलोजनचा दिवा किंवा हीटर लावून वरचा थर तेवढा वाळतो, आतली ओल जागच्या जागी राहते आणि रंग दिल्यावर बाहेर पडायला बघते. खिडक्या उघड्या आणि पंखा चालू ठेवणं हेच खरं औषध.

वाळलंय का ते तपासायला पॉलिथिनचा तुकडा पुरतो. ४५ सेंमी चौरस, पारदर्शक, चारही कडा टेपने पक्क्या चिकटवलेल्या. तो पूर्ण दिवसभर, किमान १६ तास तसाच ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला दव जमलेलं असेल किंवा खालचा गिलावा गडद झाला असेल, तर ओल आतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ते हवेतलं पाणी आहे, म्हणजे तक्रार गळतीची नसून हवा खेळत नसल्याची आहे. दोन सुयांचा ओल मोजणारा मीटर असेल तर नुसत्या आकड्यावर विसंबू नका. त्याच भिंतीच्या कोरड्या भागाचा आकडा घ्या आणि डागाच्या जागेचा घ्या. दोन्ही जुळले की झालं. क्षार असलेल्या भिंतीत मात्र हा मीटर वाळलेल्या जागेलाही ओली ठरवतो, कारण क्षारातून वीज सहज वाहते.

पांढरी भुकटी आणि काळे ठिपके

डागावर पांढरी, कापसासारखी भुकटी असेल तर तो खार आहे. त्यावर पाण्याचा थेंब सोडला की तो विरघळून दिसेनासा होतो. खार कधीही पाण्याने धुवायचा नाही, कारण विरघळलेला खार गिलाव्यात परत शिरतो आणि वाळताना पुन्हा फुलतो. कोरड्या ताठ ब्रशने झाडा, खाली कागद धरा, गोळा झालेली भुकटी घराबाहेर टाका. आठवड्याने पुन्हा पाहा. नवी भुकटी येणं थांबेपर्यंत हेच करत राहायचं.

काही क्षार मात्र झाडून संपत नाहीत. क्लोराइड आणि नायट्रेट हवेतली आर्द्रता स्वतःहून ओढून घेतात. गळती पूर्ण बंद झालेली असते, तरी दमट दिवसांत तीच जागा गडद आणि ओलसर दिसते, आणि कोरड्या दिवसांत ठीक होते. प्लंबरला तीनदा बोलावूनही काही सापडत नाही अशा बऱ्याच तक्रारींच्या मागे हे असतं. असा गिलावा डागाच्या कडेबाहेर साधारण ३० सेंमीपर्यंत विटेपर्यंत फोडून नवा करणं हाच मार्ग. प्रायमरने इथे काहीही साधत नाही.

काळे किंवा हिरवट ठिपके म्हणजे बुरशी. ती कोरडी घासली तर तिचे बीजाणू खोलीभर उडतात, म्हणून पॉलिश पेपर लावायच्या आधी ती ओलीच पुसून काढा. भांडी धुण्याचा साबण आणि कोमट पाणी, मग १ भाग ब्लीच आणि १० भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं, मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून पुन्हा पूर्ण वाळू द्या. हातमोजे, चष्मा आणि एन ९५ मास्क लागतो. ब्लीचमध्ये अमोनियाचा क्लीनर, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. ब्लीचने पिवळा डागही फिका पडतो आणि काम झालं असं वाटतं. डोळ्यांना न दिसणारा भाग तिथेच असतो, त्यामुळे प्रायमरची पायरी तरीही गाळायची नाही.

डाग तांबूस असेल, स्लॅबला लांब सरळ चीर असेल किंवा काँक्रीट फुगून ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर आतली सळई गंजते आहे. ते काम रंगाऱ्याचं नाही. जिप्सम बोर्डचं छत असेल तर अंगठ्याने दाबून पाहा. बोर्ड दबत असेल किंवा मधे झोल आला असेल, तर तेवढा तुकडा कापून बदला.

खरवडणं आणि पुट्टी

सैल पोपडे पट्टीने काढत जा, जिथे रंग घट्ट बसलाय तिथपर्यंत. हात फिरवल्यावर तळव्याला पांढरी पूड लागत असेल तर खाली जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे. तो ओल्या स्पंजने मुळापर्यंत काढावा लागतो. पूड धरलेल्या थरावर दिलेला कोणताही प्रायमर पुढच्या रोलरला चिकटून सालीसारखा सोलून निघतो. उरलेल्या रंगाच्या कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरत्या करा, नाहीतर तिरप्या उजेडात डागाऐवजी त्या कडा दिसतील. फार जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, पाणी लावून घासा.

पुट्टी आधी की प्रायमर आधी, यावर रंगाऱ्यांचं एकमत होत नाही. खोल खड्डे आणि चिरा असतील तर पुट्टी आधी, असं आमचं मत. पुट्टीतल्या पाण्याने डाग पुट्टीतही चढेल, चढू द्या. त्याला अडवणारा थर त्याच्या वर येणारच आहे. उलट केलं तर सिमेंटची पुट्टी प्रायमरच्या गुळगुळीत पापुद्र्यावर धरत नाही, कारण तिला पाणी पिणारा, खरखरीत पृष्ठभाग लागतो. एका हातात १ ते १.५ मिमीहून जाड भरू नका, आणि १८० नंबरने घासल्यावर धूळ कोरड्या ब्रशने पूर्ण झाडा.

इथे एक अडचण सहसा कोणी सांगत नाही. नव्या सिमेंटचा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो. तेलावर चालणारा प्रायमर त्यावर लावला की तेल आणि अल्कली मिळून साबण तयार होतो. थर चिकट, मऊ राहतो आणि काही आठवड्यांत सुटतो. पुढे ज्या लाखेच्या प्रायमरबद्दल येईल, त्यातली लाखही अल्कलीत मऊ पडते. त्यामुळे नवा गिलावा किमान २८ दिवस मुरू द्या, किंवा आधी अल्कलीला टिकणारा प्रायमर द्या. सिमेंटच्या पुट्टीचे छोटे ठिगळ असतील तर पातळ थरामुळे इतके दिवस लागत नाहीत, पण त्यालाही काही दिवस मोकळे ठेवावेत.

कोणता प्रायमर

लाखेचा प्रायमर सगळ्यात भरवशाचा. लाखेचे किडे झाडाच्या फांद्यांवर जो राळेसारखा पदार्थ सोडतात, तो स्पिरिटमध्ये विरघळतो, साध्या पाण्यात नाही. त्यात पांढरं रंगद्रव्य घातलेलं असतं. १५ ते २० मिनिटांत हाताला कोरडा लागतो आणि पाऊण तासाने दुसरा हात देता येतो. काजळी, तंबाखूचा धूर, जळका वास यांनाही तो दाबतो. तोटे म्हणजे उग्र वास, पातळपणा (छतावरून मनगटावर ओघळतो) आणि ठिसूळ थर. बाहेरच्या भिंतीला तो नको.

तेलावर, म्हणजे अल्किड रेझिनवर चालणारा डाग अडवणारा प्रायमर पाण्याच्या डागांवर जवळपास तेवढंच काम करतो. लावायला सोपा, भरणा चांगला, पण दुसऱ्या हाताआधी डब्यावर लिहिलेला वेळ द्यावाच लागतो आणि तो बऱ्याचदा एका रात्रीपर्यंत जातो. तेलकट, धुरकट डागांवर मात्र तो कमी पडू शकतो, कारण टर्पेंटाइन तेलाला विरघळवतं. पुन्हा तोच नियम.

पाण्यावर चालणारे 'स्टेन ब्लॉक' प्रायमरही मिळतात. त्यांत डागातला रंग थरातच पकडून ठेवणारी रेझिनं असतात. फिक्या पिवळ्या डागावर दोन हात देऊन, मधे एक रात्र सोडली तर चालून जातात. गडद चॉकलेटी कडेवर त्यांचा भरवसा धरू नये. आणि घरात उरलेला चमकदार ऑइलपेंट? डाग तो अडवतो, पण त्या चकचकीत थरावर इमल्शन पकडत नाही. वापरायचाच असेल तर वाळल्यावर २२० नंबरने चमक पूर्ण मारा.

लावताना

किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. लाखेचा प्रायमर लिटरला सुमारे ९ चौरस मीटर जातो. ६० सेंमी रुंद डागाला चारही बाजूंनी १५ सेंमी जास्त धरलं तर ९० सेंमीचा चौरस होतो, म्हणजे ०.८ चौरस मीटर. दोन हातांना १.६, म्हणजे २०० मिलीच्या आत काम होतं. ती १५ सेंमीची बाहेरची पट्टी वाचवू नका. मळ कडेच्या पलीकडेही पसरलेला असतो, फक्त तो अजून दिसत नसतो. डागाच्या रेघेवरच थांबलेल्या प्रायमरभोवती नंतर पिवळी झालर उमटते.

डबा तळापासून ढवळा. रंगद्रव्य खाली बसतं आणि वरवरचं नुसतं पाणचट द्रव लावलं जातं. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे, जाड थर वरून कोरडा आणि आत ओला राहतो. लाखेच्या प्रायमरवर ब्रश मागे-पुढे घासू नका. दुसऱ्या हातातलं स्पिरिट पहिला हात मऊ करतं आणि ब्रश त्याला ओढतो. एकदा फिरवला की पुढे जायचं. कडांना जवळजवळ कोरडा ब्रश बाहेरच्या दिशेने फिरवून थर विरळ करत न्या. छोट्या डागाला स्प्रेचा डबा सोयीचा: मिनिटभर हलवून, २५ ते ३० सेंमीवरून, हात सतत चालता ठेवून.

खिडक्या उघड्या आणि गॅस, देवाचा दिवा, सिगारेट सगळं बंद. स्पिरिटची वाफ पेट घेते. धुळीचा मास्क ही वाफ अडवत नाही, त्याला कार्बनच्या फिल्टरचा मास्क लागतो. तेलाच्या प्रायमरची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. ती बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रायमर पूर्ण वाळला की फडक्याची तपासणी पुन्हा करा. थराखालून डागाची फिकी सावली दिसत असेल, पण ओल्या पांढऱ्या फडक्यावर काहीच उतरत नसेल, तर काळजी नाही. ती नुसती सावली आहे आणि वरचा रंग तिला झाकेल. फडकं पिवळं झालं तर आणखी एक हात. खात्री करायची असेल तर डागाच्या गडद कडेवर तळहाताएवढं इमल्शन लावून रात्रभर सोडा. डाग फुटायचा असेल तर सकाळपर्यंत फुटतो.

वरचा रंग

फक्त ठिगळावर रंग दिला तर ठिगळच दिसतं. प्रायमरची जागा कमी पाणी पिते, बाजूचं जुनं छत जास्त, म्हणून एकाच डब्यातला रंग दोन ठिकाणी दोन प्रकारे वाळतो. पूर्ण छत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रंगवा, दोन हात, आणि रंग मॅट घ्या. चमक असलेला रंग छताचा प्रत्येक उंचसखलपणा दाखवतो. रोलर नेहमी आधीच्या ओल्या कडेवरून पुढे न्या. भिंतीचं काम असेल तर निदान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत पूर्ण करा.

काही महिन्यांनी त्याच जागी काही दिसलं तर आकारावरून कारण ओळखता येतं. जुन्याच आकाराची फिकी कड म्हणजे प्रायमर पातळ पडला किंवा कडेला अपुरा लागला. २२० नंबरने घासून आणखी एक हात पुरतो. जुन्या आकाराबाहेर गेलेली नवी, गडद कड म्हणजे पाणी पुन्हा सुरू झालं. रंगाखाली खरखरीत फुगवटा आणि फोडल्यावर पांढरी भुकटी म्हणजे खार. आणि फुगा फोडल्यावर आत बोट ओलं झालं, तर भिंत वाळण्याआधीच रंग दिला गेला. तो थर काढून टाका आणि पॉलिथिनचा तुकडा पुन्हा चिकटवा.